मागे वळून न पाहणारी

माझी आई फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत बत्तीस वर्षे नोकरीला होती. १९७२ साली टायपिस्ट म्हणून ती तिथे लागली तेव्हा तिचे लग्न व्हायचे होते. गिरगावातल्या चाळीतून सकाळी पावणेनऊला निघायचे, थांब्यावर रांगेत उभे राहायचे, मिळेल ती बस पकडायची आणि लेटमार्क लागायच्या आत मस्टरवर सही करायची, हा तिचा रोजचा क्रम होता. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. अशाच एका शनिवारी, १९७६ साली, कचेरीतल्या आणखी तिघींसोबत तिने 'छोटी सी बात' पाहिला. त्या चौघींनी मिळून पाहिलेला तो पहिला चित्रपट होता आणि त्याची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा निघाली आहे, की मी तो प्रत्यक्ष पाहण्याच्या आधीच मला तो पाहिल्यासारखा वाटत असे.

मी महाविद्यालयात असताना एकदा तिला विचारले, की तुला त्यात एवढे काय आवडले. अमोल पालेकर, अशोककुमार, असरानी, सलील चौधरींचे संगीत यांपैकी काहीतरी ती सांगेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "त्या मुलीला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तो मागे आहे म्हणून. आम्हालाही माहीत असायचं. मागे वळून न बघता मागे कोण उभं आहे ते कळायचं."

ती मुलगी म्हणजे चित्रपटाची नायिका प्रभा आणि ती रंगवणाऱ्या विद्या सिन्हा यांच्या अभिनयाविषयी इतके नेमके वाक्य मी त्यानंतर कुठेही वाचलेले किंवा ऐकलेले नाही. त्या वाक्याच्या आधाराने मी पुढे त्यांचे चित्रपट पुन्हा पाहिले आणि या नटीच्या वाट्याला आलेल्या कौतुकात काय राहून गेले, ते माझ्या हळूहळू लक्षात येऊ लागले.

त्यांच्याविषयी बोलताना लोकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'साधी'. साधी मुलगी, साधी साडी, साधा चेहरा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले त्या दिवशीही, राखीपौर्णिमा आणि स्वातंत्र्यदिन एकत्र आलेल्या त्या सुटीच्या दुपारी, घरी आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने हाच शब्द वापरला. शब्द प्रेमाने वापरलेला होता, यात शंका नाही. परंतु 'साधी' म्हटले की ते निसर्गाचे देणे ठरते, जणू त्यासाठी काही करावे लागत नाही. पडद्यावर साधे दिसणे ही कमालीची कठीण गोष्ट आहे आणि हलक्याफुलक्या प्रेमकथेत तर ती अधिकच कठीण आहे, कारण तिथे रडण्याचा, ओरडण्याचा, पावसात भिजण्याचा आधार नसतो. आईलाही आयुष्यभर सगळ्यांनी 'साधी' म्हटले. सासू-सासरे, दोन मुले आणि नोकरी सांभाळून ती रोज सकाळी इस्त्रीची साडी नेसून रांगेत उभी राहत असे. त्या इस्त्रीमागे रात्रीचे किती वाजलेले असत, हे त्या शब्दातून कधी कळले नाही.

विद्या सिन्हा यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९४७ रोजी मुंबईतला. त्यांचे आजोबा मोहन सिन्हा हे जुन्या काळचे दिग्दर्शक. राज कपूर आणि मधुबाला यांना घेऊन १९४७ साली 'दिल की रानी' करणारे. म्हणजे चित्रपटाचे वातावरण घरात होते, तरी त्या लगेच त्या वाटेला गेल्या नाहीत. त्यांनी 'मिस बॉम्बे' हा किताब मिळवला, जाहिरातींसाठी काम केले आणि १९६८ साली शेजारच्या तमिळ कुटुंबातल्या तरुणाशी प्रेमविवाह केला. चित्रपटात त्या आल्या त्या लग्नानंतर, वयाची पंचविशी ओलांडल्यावर. त्या काळाचा विचार केला तर ही गोष्ट लहान नव्हे. १९७३ साली 'बॉबी' आला तेव्हा त्याची नायिका लग्न करून चित्रसृष्टीतून बाहेर पडलेली होती आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर हेच रीतीला धरून मानले जात असे. लग्नानंतर नायिका म्हणून पदार्पण करणे हा उलटा प्रवास होता. कदाचित म्हणूनच त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या भूमिकेपासून एक स्थिरपणा दिसतो. आपण आवडावे म्हणून त्या धडपडताना दिसत नाहीत.

'राजा काका' हा त्यांचा पहिला चित्रपट आता फारसा कोणाला आठवत नाही. जाहिरातींतला त्यांचा चेहरा बासू चटर्जी यांनी हेरला आणि १९७४ साली 'रजनीगंधा' आला. बासूदा मूळचे 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार. माणसाच्या एखाद्या लकबीवरून त्याचा सगळा स्वभाव कागदावर उतरवण्याची सवय हाताला असलेला हा माणूस होता. त्याला चित्रपटातही मोठ्या प्रसंगांची गरज वाटत नसे. उशिरा येणे, कचेरीतल्या बढतीविषयी अखंड बोलणे, सिनेमाची तिकिटे घरी विसरणे अशा गोष्टींवर त्याची गोष्ट उभी राहत असे.

'रजनीगंधा' मन्नू भंडारी यांच्या 'यही सच है' या कथेवर बेतलेला आहे. ती कथा दीपा नावाच्या तरुणीच्या मनात घडते. तीच ती सांगते. चित्रपटात दिल्लीतला संजय आणि पूर्वी जिवाभावाचा असलेला, आता मुंबईत भेटणारा नवीन, या दोघांमध्ये तिचे मन झुलत राहते. दिग्दर्शकापुढे खरा प्रश्न असा, की कागदावर जे मन बोलते ते पडद्यावर कोणी बोलायचे. बासूदांनी त्याचा भार विद्या सिन्हा यांच्या चेहऱ्यावर टाकला. मुंबईत नवीनसोबत टॅक्सीतून फिरताना मुकेश यांच्या आवाजातले 'कई बार यूँ भी देखा है' हे गाणे पार्श्वभूमीला वाजते. या गाण्यासाठी मुकेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणे पुरुषाच्या आवाजात आहे, परंतु विचार दीपाचा आहे आणि ही विसंगती आपल्याला खटकत नाही. याचे श्रेय त्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसलेल्या बाईला आहे. शेजारच्या माणसाकडे पाहायचे, त्याने पाहिले की खिडकीबाहेर पाहायचे, तो बाहेर पाहू लागला की पुन्हा त्याच्याकडे पाहायचे; एवढेच काम. या तीन नजरांमधले अंतर प्रत्येक वेळी किंचित बदलते. तिसऱ्यांदा ती त्याच्याकडे पाहते तेव्हा त्याने काहीतरी बोलावे, अशी अपेक्षा तिच्या चेहऱ्यावर येऊन जाते आणि तो बोलत नाही हे तिला कळते तेही दिसते.

त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत 'रजनीगंधा'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले आणि समीक्षकांचेही मिळाले. आपल्याकडे ज्याला निशिगंध म्हणतात आणि फुलबाजारात गुलछडी, त्या फुलाला या चित्रपटाने एक वेगळेच स्थान मिळवून दिले. आईच्या कचेरीतल्या एका मैत्रिणीने त्यानंतर कित्येक वर्षे दर सोमवारी टेबलावर निशिगंधाच्या चार काड्या आणून ठेवल्या. नोकरी करणाऱ्या, स्वतःची खोली स्वतः लावणाऱ्या, मुलाखतीसाठी एकटीने दुसऱ्या शहरात जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट होती आणि टेबलावरची फुले ती त्यांच्याही आयुष्यात आणत होती.

'छोटी सी बात' दोन वर्षांनी आला. निर्माते बी. आर. चोप्रा, कथेचा मूळ सांगाडा 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' या १९६० सालच्या इंग्रजी चित्रपटाचा. बासूदांनी तो सांगाडा मुंबईत आणून असा रुजवला, की तो बाहेरून आला असेल असे वाटू नये. अरुण प्रदीप हा बुजरा तरुण बसथांब्यावर प्रभा नारायणला पाहतो, रोज तिच्या मागे मागे जातो, बोलण्याचे धाडस मात्र होत नाही. त्यात नागेश हा तिचा सहकारी, बडबड्या, स्कूटरवाला, टेबल टेनिस खेळणारा, त्याच्या प्रत्येक बेतावर पाणी ओततो. हताश अरुण खंडाळ्याला कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग यांच्याकडे प्रेमाचे धडे गिरवायला जातो आणि नवा होऊन परत येतो.

आता या गोष्टीत प्रभाला काम काय, असा प्रश्न विचारावा. कथेच्या आराखड्यानुसार तिने शर्यतीच्या शेवटी ठेवलेल्या चषकासारखे असायला हवे. दोन पुरुष धावतात, एक जिंकतो, चषक त्याच्या हाती येतो. पुरुष शिकतो, पडतो, उठतो. मुलगी वाट पाहते. अशा प्रेमविनोदी चित्रपटांत नायिकेच्या वाट्याला बहुधा एवढेच येते आणि पुष्कळ नट्यांनी ते सुंदर दिसून निभावले आहे. विद्या सिन्हा यांनी ती भूमिका चषकाची राहू दिली नाही. आईने म्हटले तसे, प्रभाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. हे माहीत असणे सांगण्यासाठी त्यांच्याकडे फार संवाद नव्हते. होती ती मान, खांद्यावरची पर्स आणि चालण्याची गती.

पहिल्या अर्ध्या तासातले रांगेचे प्रसंग बारकाईने पाहावेत. प्रभा समोर पाहत उभी आहे, अरुण मागे आहे. ती वळत नाही. परंतु मान ज्या प्रकारे किंचित ताठ होते, त्यावरून पाठीला डोळे असल्यासारखे वाटते. रस्त्याने चालताना तिची पावले एका लयीत पडतात. मागचा माणूस रेंगाळला की ती लय अगदी जराशी सैलावते. ओठांच्या कोपऱ्यात हसू येते आणि पूर्ण उमटण्याआधी परत जाते. कॅमेऱ्यासमोर हसू आणणे सोपे, आलेले हसू परत पाठवणे अवघड. प्रेक्षकाला ते हसू दिसायला हवे आणि अरुणला दिसता कामा नये, अशी ती दुहेरी कसरत आहे. प्रेक्षक अरुणच्या फजितीवर हसतो, पण ती फजिती करुण होत नाही, कारण मुलीच्या मनात त्याला जागा आहे हे आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून आधीच कळलेले असते. सगळ्या चित्रपटातल्या विनोदाला सुरक्षिततेचे जे जाळे लागते, ते एकटी प्रभा धरून उभी आहे.

आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्याचे कौतुक होते, परंतु सोंगाड्याचा विनोद उभा राहतो तो समोरच्याच्या चेहऱ्यावर. समोरचा वेळेआधी हसला तर विनोद सांडतो, उशिरा हसला तर शिळा होतो. नागेशच्या भूमिकेत असरानी ज्या वेगाने बोलतात त्या वेगापुढे कोणाचीही तारांबळ उडावी. विद्या सिन्हा त्या धबधब्यासमोर शांतपणे बसतात, ऐकतात, मधेच एखादा शब्द टाकतात आणि नेमक्या जागी हसतात. नागेश तिला आवडतो, त्याची सोबत तिला नकोशी नाही, परंतु तिचे मन तिथे नाही, या तिन्ही गोष्टी एकाच हसण्यात दिसतात. जहांगीर कलादालनातल्या 'समोवार' या उपाहारगृहात हे तिघे एकत्र बसलेले असताना दोन पुरुषांच्या मध्ये तिचे डोळे कसे फिरतात, ते पाहण्यासाठी मी तो प्रसंग कितीतरी वेळा पाहिला आहे. १९६४ साली सुरू झालेले 'समोवार' २०१५ च्या मार्चमध्ये बंद झाले. तो लांबट व्हरांडा आता पाहायचा तर या प्रसंगातच पाहावा लागतो, हेही त्या वारंवार पाहण्याचे एक कारण आहे.

मग अरुण खंडाळ्याला निघून जातो. थांब्यावर प्रभा येते, बस येते, रांग सरकते आणि मागे कोणी नसते. लता मंगेशकर यांच्या आवाजातले 'न जाने क्यूँ' हे गाणे इथे आहे. योगेश यांच्या शब्दांत आणि सलीलदांच्या चालीत, एखाद्याच्या जाण्यानंतर त्याच्या लहानसहान गोष्टींची आठवण का यावी, एवढाच प्रश्न आहे. चित्रपटभर जी मुलगी मागे वळून पाहत नव्हती ती आता वळते आणि पाहते. इतका वेळ आवरून धरलेली ही एक हालचाल इथे मोकळी होते. मला वाटते, चित्रपटातला सर्वांत मोठा प्रसंग हाच आहे; कर्नलची शिकवणी, टेबल टेनिसचा सामना, नागेशची जिरवणे हे सगळे त्यानंतरचे. अरुणने जिंकण्याआधीच प्रभाने निर्णय घेतलेला आहे आणि तो तिने एकटीने, बसच्या रांगेत घेतलेला आहे.

आज हा चित्रपट तरुण मुलींना दाखवला तर त्या पहिल्यांदा विचारतात, की रोज मुलीच्या मागे मागे जाणे हे प्रेम कसे. माझ्या भाचीने विचारले आणि तिचा प्रश्न बरोबर आहे. त्याच मुंबईत, त्याच रांगांमध्ये, त्याच वर्षी पाठलागाने जीव मुठीत धरून चालणाऱ्या मुली होत्या. आईनेही सांगितले आहे, की 'मागे कोण आहे ते कळायचं' या वाक्याला दोन बाजू होत्या आणि दुसऱ्या बाजूविषयी ती घरी कधीच बोलली नव्हती, कारण बोलली असती तर नोकरी सोडावी लागली असती. हा चित्रपट त्या दुसऱ्या बाजूला जात नाही. तरीही मला असे वाटते, की प्रभाच्या जागी केवळ सुंदर, अजाण, डोळे मिटून चालणारी नायिका असती तर हा चित्रपट आज पाहवला नसता. जो चेहरा सतत सांगत असतो की मला कळते आहे, मी घाबरलेली नाही, थांबायचे की चालायचे हे मीच ठरवते आहे, त्या चेहऱ्यामुळे तो अजून पाहता येतो. शेवटी कर्नलने शिकवलेला अखेरचा डाव टाकण्याची वेळ येते तेव्हा अरुणला तो टाकवत नाही, हे कथेचेही शहाणपण आहे. प्रभासारख्या मुलीवर डाव टाकता येत नाही, हे आपल्याला तोवर तिच्याकडे पाहून पटलेले असते.

हे सगळे ज्या काळात घडत होते तो काळही लक्षात घ्यावा. 'दीवार' आणि 'शोले' १९७५ चे. पडद्यावर संतापलेला नायक होता, गोळ्या होत्या, सूड होता. 'छोटी सी बात'मध्ये अमिताभ बच्चन स्वतःच्याच भूमिकेत क्षणभर येऊन कर्नलसाहेबांचा सल्ला घेऊन जातात आणि 'जानेमन' हे गाणे धर्मेंद्र-हेमामालिनी यांच्यावर चित्रित होता होता पडद्यावर अरुण आणि प्रभा दिसू लागतात. मोठ्या पडद्याच्या नायक-नायिकेच्या जागी कचेरीतला कारकून आणि कचेरीतली मुलगी बसतात. अरुण झालेले अमोल पालेकर स्वतः बँकेत नोकरी केलेले आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीवरून आलेले. विद्या सिन्हा यांच्या पाठीशी तशी कोणतीही शाळा नव्हती. कदाचित त्यामुळेच पुढे लिहिणाऱ्यांनी पालेकरांच्या अभिनयाचे विश्लेषण केले आणि विद्या सिन्हा यांच्या साधेपणाचे कौतुक. हा अन्याय कोणी जाणूनबुजून केला असे मी म्हणत नाही, पण तो झाला.

१९७८ सालच्या 'पति पत्नी और वो'मध्ये तीच समज वेगळ्या जागी नेऊन ठेवलेली दिसते. सायकलींच्या टकरीतून जमलेले प्रेम, लग्न, मूल आणि मग बढती मिळालेल्या नवऱ्याची सेक्रेटरीशी चाललेली लबाडी. पटकथा कमलेश्वर यांची आणि तिला फिल्मफेअर पारितोषिक मिळालेले. संजीवकुमार यांचा खोटे बोलणारा नवरा इतका रंगतदार आहे, की प्रेक्षकाला त्याच्याविषयी राग येत नाही. हसण्याच्या ओघात बायको बिचारी ठरण्याचा धोका इथे मोठा होता. स्नानघरातले ते थंड पाण्याचे गाणे आठवावे. नवरा, बायको आणि मुलगा यांचा तो आनंद इतका खरा वाटतो, की नंतर विद्या सिन्हा यांच्या शारदाला, म्हणजे बायकोला, शंका येऊ लागते तेव्हा आपल्यालाही काहीतरी गमावल्यासारखे होते. शंका आल्यावर शारदा आकांडतांडव करत नाही. ती गप्प राहते, पुरावा गोळा करते आणि नवऱ्याकडे पाहून पूर्वीसारखेच हसते. प्रभाच्या हसण्यात माहीत असण्याचा आनंद होता. शारदाच्या हसण्यात माहीत असण्याची वेदना आहे. ओठांची हालचाल जवळजवळ तीच आहे.

बाकीच्या चित्रपटांविषयी मला फार लिहायचे नाही. 'इनकार', 'मुक्ति', 'कर्म', 'तुम्हारे लिये' हे त्यांचे चित्रपट चालले किंवा न चालले, त्यांत त्यांनी नेमस्तपणे काम केले. गुलजार यांच्या 'किताब'मधली त्यांची मोठी बहीण मात्र मला प्रिय आहे. राज कपूर यांच्या 'सत्यम शिवम सुंदरम'चा प्रस्ताव आपण त्यातल्या वेशभूषेमुळे नाकारला, असे त्यांनी नंतरच्या मुलाखतींतून सांगितले होते. ऐंशीच्या दशकात मोठमोठ्या नटसंचाच्या मारधाडीत त्यांच्या जातीच्या नायिकेला जागा उरली नाही. प्रभासारखी भूमिका त्यांना पुन्हा कोणी लिहून दिली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. तिशीतली, चाळिशीतली, कचेरीत बढती मिळालेली, प्रेमाकडे थोड्या अंतरावरून हसून पाहणारी बाई त्यांनी किती सुंदर रंगवली असती. परंतु आपल्या प्रेमविनोदी चित्रपटांनी त्या वयाच्या बाईला आई केले नाही तर वहिनी केले.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य बसथांब्यापासून फार दूर गेले. १९८९ साली त्यांनी एका मुलीला दत्तक घेतले. १९९६ साली पतीचे निधन झाले. त्या काही काळ ऑस्ट्रेलियात सिडनीला जाऊन राहिल्या, तिथे २००१ साली पुन्हा लग्न केले आणि त्या लग्नाचा शेवट छळाच्या पोलीस तक्रारीत व घटस्फोटात झाला. हे सारे वर्तमानपत्रांत आले, म्हणून लिहिले. त्याहून खोलात जाण्याचा अधिकार आपल्याला नाही. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. वयाच्या साठीनंतर, ज्या वयात बायका 'आता काय उरलंय' म्हणून सोसत राहतात, त्या वयात त्यांनी तक्रार नोंदवली आणि वेगळ्या झाल्या. मधल्या काळात त्या दूरचित्रवाणीवर परतल्या होत्या. 'काव्यांजली'पासून 'कुल्फी कुमार बाजेवाला'पर्यंत मालिकांमध्ये त्या दिसत राहिल्या, २०११ सालच्या 'बॉडीगार्ड'मध्येही दिसल्या. भरजरी साड्या, जड दागिने आणि प्रत्येक वाक्यानंतर वाजणारे ढोल यांच्यातून त्यांचा चेहरा ओळखू येत असे तो ऐकण्याच्या पद्धतीवरून. समोरचे पात्र बोलत असताना बाकीचे सगळे आपापल्या वाक्याची वाट पाहत असत. त्या मात्र खरोखर ऐकत असत.

त्या गेल्या तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या विकाराने जुहूच्या रुग्णालयात त्यांचा शेवट झाला. बासूदा त्यानंतर दहा महिन्यांनी, ४ जून २०२० रोजी, निसर्ग वादळ कोकणावरून जाऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. टाळेबंदी चालू होती. आमच्या गल्लीत झाडाच्या फांद्या पडलेल्या होत्या, वीज नुकतीच आली होती आणि आईने बातम्यांचा आवाज कमी करून विचारले, की तो चित्रपट लावता येईल का.

तो लावला. आई आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, म्हणून ती पलंगावर उशीला टेकून बसली. तिच्या कचेरीतल्या त्या तिघींपैकी एकच आता हयात आहे. तिला आईने फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून दोघींनी चित्रपट पाहायला सुरुवात केली. ती तिच्या घरी पाहत होती आणि आई आमच्या घरी. दोन घरांतले आवाज काही सेकंदांच्या अंतराने एकमेकांवर येत होते. सुरुवातीला त्या दोघी कुठली इमारत कुठे होती, कुठल्या थांब्याला किती गर्दी असे, कंडक्टरच्या तिकीट-पंचाचा टिकटिक आवाज कसा येई, यावर बोलत राहिल्या. मग प्रभा रांगेत येऊन उभी राहिली आणि दोघी गप्प झाल्या.

"पर्स बघ," थोड्या वेळाने फोनमधून आवाज आला.

"हो," आई म्हणाली. "कोपराने दाबून धरलीय."

मी इतक्या वेळा तो प्रसंग पाहिला होता, मान पाहिली होती, पावले पाहिली होती. तो कोपर माझ्या नजरेतून सुटला होता. गर्दीच्या रांगेत पर्स बरगडीशी धरून ठेवायची, म्हणजे कोणाचा हात आत जात नाही आणि कोणाचा धक्काही थेट अंगाला लागत नाही. मुंबईत रोज रांगेत उभे राहिल्याशिवाय हे येत नाही किंवा रोज उभे राहणाऱ्यांकडे कोणीतरी नीट पाहिलेले असावे लागते. मी आईकडे वळून पाहिले. ती पडद्याकडे पाहत होती आणि उशीला टेकलेल्या तिच्या हाताचा कोपर, खांद्यावर काहीही नसताना, बरगडीशी घट्ट दाबलेला होता.